गुंता सुटला, स्मरणशक्तीचे काय?

आजार बरा झाला असे आपण केव्हा म्हणतो? तापाच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. तापमापीचा पारा खाली उतरला की ताप गेला. हाड मोडले असेल तर क्ष-किरणांच्या चित्रात ते सांधलेले दिसते. परंतु आजार मेंदूचा असेल तर काय? चित्रात मेंदू नीट दिसू लागला म्हणजे माणूस पूर्वीसारखा झाला असे म्हणता येईल काय? मेंदूचे काम पाठ केलेले लक्षात ठेवणे, ऐकलेले समजून घेणे, गणितातील चार पायऱ्या एकदम मनात धरून पाचवी मांडणे, गोंगाटातही लक्ष विचलित होऊ न देणे असे असते. यांतले काहीच चित्राच्या फिल्मवर उमटत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आज मेंदूच्या एका आजाराविषयी आणि त्यावरील एका विलक्षण उपचाराविषयी लिहावयाचे आहे. पण नुसती माहिती देणे हा या लेखाचा हेतू नाही. या उपचाराचे यश ज्या मापाने मोजले जाते ते माप अपुरे आहे, असे माझे मत आहे. ते मत पटते की नाही, हे पुरावा पाहून तुम्हीच ठरवायचे आहे.

गुंता कसला?

शरीरातील रक्ताभिसरण तुम्ही शिकला आहात. हृदयाकडून येणारे रक्त रोहिण्यांतून मोठ्या दाबाने वाहते. रोहिणीला फाटे फुटत जातात आणि शेवटी केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्या होतात. त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू व अन्नद्रव्ये पेशींना मिळतात. रक्ताचा दाब येथे उतरतो आणि मग ते रक्त पातळ भिंतींच्या नीलांतून शांतपणे परत जाते.

काही माणसांच्या मेंदूत एखाद्या जागी ही मधली पायरीच नसते. रोहिण्या सरळ नीलांना जोडलेल्या असतात आणि त्या जागी वाहिन्यांचा वेडावाकडा गुंता तयार झालेला असतो. पतंगाच्या मांजाचा गुंता डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. रोहिणीतील दाबाचे रक्त थेट नीलेत शिरते. नीलेची भिंत एवढा दाब सोसण्यासाठी घडलेली नसते. ती फुगते, ताणली जाते आणि एखादे दिवशी फुटते. मेंदूत रक्तस्राव होतो. कधी मृत्यू येतो, कधी अर्धे अंग लुळे पडते, कधी वाचा जाते. काही जणांत गुंता फुटत नाही, पण फिट येऊ लागतात. काहींना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही.

हा दोष विरळा आहे. दरवर्षी साधारण एक लाख लोकांमागे एकाच्या डोक्यात तो नव्याने आढळतो. मात्र तो बहुधा तरुणपणी उघडकीस येतो, आणि लहान मुलांच्या मेंदूत आपोआप होणाऱ्या रक्तस्रावाचे तो एक प्रमुख कारण आहे. जिवंत माणसाच्या मेंदूतील वाहिन्यांचे चित्र घेण्याची युक्ती पोर्तुगालमधील एगास मोनिझ यांनी १९२७ साली शोधून काढली. त्यानंतरच असे गुंते फुटण्यापूर्वी दिसू लागले.

न फुटलेला गुंता किती धोक्याचा? दरवर्षी शंभरांतील दोन ते चार जणांना रक्तस्राव होतो, असे निरनिराळ्या अभ्यासांवरून दिसते. फिनलंडमध्ये शस्त्रक्रिया न झालेल्या १६६ रुग्णांवर सरासरी २३.७ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हे प्रमाण वर्षाला ४ टक्के निघाले. आकडा लहान वाटतो, पण थोडे गणित करू या. धोका वर्षाला ३ टक्के धरला, तर एका वर्षात सुखरूप राहण्याची शक्यता ०.९७. चौदा वर्षांच्या मुलीपुढे आणखी पन्नास वर्षे आहेत असे समजा. पन्नासही वर्षे सुखरूप राहण्याची शक्यता ०.९७ चा पन्नासावा घात, म्हणजे सुमारे ०.२२. म्हणजे केव्हा ना केव्हा रक्तस्राव होण्याची शक्यता ७८ टक्के! साठीच्या माणसासाठी जो धोका सोसण्याजोगा, तोच मुलांसाठी फार मोठा ठरतो. म्हणून मुलांच्या बाबतीत उपचाराचा विचार अधिक आग्रहाने करावा लागतो.

सुरीविना शस्त्रक्रिया

कवटी उघडून गुंता कापून काढणे हा सर्वांत जुना उपाय. पण गुंता मेंदूत खोलवर असेल, किंवा भाषा, दृष्टी, हालचाल यांची केंद्रे जेथे आहेत तेथे असेल, तर सुरी नेणे घातक ठरते. यावर स्वीडनचे मेंदू-शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली एक कल्पना मांडली. सुरीऐवजी किरण वापरावयाचे. तेही एकाच बाजूने नव्हे, तर अनेक दिशांनी सोडून नेमक्या एका बिंदूवर एकत्र आणावयाचे. बोर्ये लार्सन या शास्त्रज्ञाच्या मदतीने त्यांनी प्रोटॉनच्या झोतावरही प्रयोग केले. पुढे १९६८ साली स्टॉकहोममध्ये ‘गॅमा नाइफ’ हे यंत्र उभे राहिले. त्यात कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे १७९ उगम होते. नंतरच्या यंत्रांत २०१ आणि अलीकडच्या यंत्रांत १९२ उगम असतात.

नाटकाच्या रंगमंचावर चहूबाजूंनी मंद दिव्यांचे झोत एकाच नटावर टाकले, तर नट लख्ख उजळतो. पण कोणत्याही एका झोताच्या वाटेत फारसा उजेड नसतो. तसेच येथे घडते. एकेक गॅमा किरणझोत क्षीण असल्याने वाटेतील मेंदूला फारशी इजा होत नाही. जेथे सगळे झोत मिळतात तेथे मात्र मोठी मात्रा पडते. १९७० साली स्टॉकहोममध्येच लाडिस्लाव स्टायनर व लेक्सेल यांनी या पद्धतीने वाहिन्यांच्या गुंत्यावर प्रथम उपचार केला. आपल्याकडे १९९७ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात गॅमा नाइफ आले. पाठोपाठ त्याच वर्षी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतही आले.

गुंत्याच्या कडेवर साधारण २० ग्रे इतकी मात्रा देतात. एक ग्रे म्हणजे एक किलोग्रॅम पदार्थाने शोषलेली एक ज्यूल ऊर्जा. २० ज्यूल उष्णतेने एक किलोग्रॅम पाणी किती तापेल याचा हिशोब केलात तर उत्तर ०.००५ अंश सेल्सिअसच्या आसपास येईल. तेव्हा किरण गुंत्याला भाजून काढतात ही समजूत चुकीची आहे. ते पेशींतील अणुरेणूंचे आयनीभवन करतात. वाहिनीच्या आतील अस्तराच्या पेशींना इजा होते, भिंत हळूहळू जाड होत जाते, पोकळी अरुंद होते आणि शेवटी वाहिनी बंद पडते. या ‘हळूहळू’चा अर्थ दोन ते तीन वर्षे! गुंता लहान, म्हणजे तीन सेंटिमीटरहून कमी व्यासाचा असेल, तर शंभरांपैकी सुमारे सत्तर ते ऐंशी रुग्णांत तो बंद होतो. जपानमधील ५०० रुग्णांच्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुंता पूर्ण बंद झाल्यावर रक्तस्रावाचा धोका ८८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

उपचार मोलाचा आहे याविषयी शंका नको. पण किरण गुंत्याच्या कडेपाशी येऊन एकदम थांबत नाहीत. मात्रा झपाट्याने उतरते, तरी शून्य होत नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत पुढील काही महिन्यांत गुंत्याभोवतीच्या मेंदूत सूज किंवा बदल एमआरआय चित्रात दिसतात. दहांतील एकाला त्याची लक्षणे जाणवतात आणि शंभरांतील तीन-चार जणांत ती कायमची राहतात. ही लक्षणे म्हणजे हातापायाचा अशक्तपणा, दृष्टिदोष, फिट इत्यादी. म्हणजे डॉक्टरला तपासणीत दिसणारी. जे सहज दिसत नाही, ते या आकड्यांत येते काय?

यशाचे माप

मेंदूच्या रुग्णाची स्थिती नोंदवण्यासाठी जगभर रँकिन मापक वापरतात. १९५७ साली ग्लासगोच्या जॉन रँकिन यांनी सुचवलेल्या मापकाचे हे सुधारलेले रूप आहे. त्यात ० म्हणजे कोणतेही लक्षण नाही आणि ६ म्हणजे मृत्यू. २ या पायरीचा अर्थ असा, की रुग्णाला पूर्वीची सर्व कामे जमत नाहीत, पण तो स्वतःचे व्यवहार कोणाच्या मदतीवाचून पाहू शकतो. अनेक अभ्यासांत ० ते २ या सर्वांची गणना ‘चांगला परिणाम’ अशी होते.

समजा, आठवीतील एका मुलीवर उपचार झाला. गुंता बंद झाला. ती चालते, बोलते, जेवते, स्वतःची वेणी घालते, दुकानातून सामान आणते. पण पूर्वी एकदा वाचून लक्षात राहणारा धडा आता चार वेळा वाचूनही राहत नाही. फळ्यावरचे उतरवून घेताना ती मागे पडते. रँकिन मापकावर तिची नोंद १ किंवा २ होईल, आणि अहवालात ती ‘चांगला परिणाम’ या रकान्यात जाईल. डॉक्टरांचा अहवाल खोटा नाही. मापकच या कामासाठी घडवलेला नाही. मीटरच्या पट्टीने कागदाची जाडी मोजायला गेले, तर ती शून्यच येणार. त्यावरून कागदाला जाडी नसते असा निष्कर्ष कोणी काढील काय?

न फुटलेल्या गुंत्यावर उपचार करावा की नुसती औषधे देऊन वाट पाहावी, हे ठरवण्यासाठी ‘अरुबा’ नावाची एक मोठी चाचणी झाली. ९ देशांतील ३९ केंद्रांनी तीत भाग घेतला. २०१४ साली तिचे निष्कर्ष आले. सरासरी ३३ महिन्यांत मृत्यू किंवा पक्षाघात यांचे प्रमाण नुसत्या औषधांच्या गटात १०.१ टक्के, तर शस्त्रक्रिया, किरण वगैरे उपचार केलेल्या गटात ३०.७ टक्के होते. यावर पुष्कळ वाद झाला, कारण ३३ महिने हा काळ फार थोडा आहे. उपचाराचा धोका आरंभी असतो आणि लाभ पुढे आयुष्यभर मिळतो. तो वाद येथे बाजूला ठेवू. आपल्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, चाचणीचे मुख्य मोजमाप मृत्यू आणि पक्षाघात हे होते. स्मरण व अवधान नव्हे. दोन, तिच्यात अठरा वर्षांखालील कोणीही नव्हते. शाळेत बसणाऱ्या मुलामुलींच्या बुद्धीविषयी या चाचणीतून काहीच उत्तर मिळत नाही.

एक आकडा पुरत नाही

कोणी म्हणेल, मग बुद्ध्यंक मोजावा म्हणजे झाले! तेवढ्याने भागत नाही. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील हेन्री मोलायसन. त्यांना अपस्माराचा तीव्र त्रास होता. १९५३ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा कानशिलामागील आतला भाग काढला. समुद्रघोड्यासारखा दिसणारा हिप्पोकॅम्पस हा भागही त्यात बऱ्याच अंशी गेला. फिट कमी झाल्या. बुद्ध्यंक शस्त्रक्रियेपूर्वी १०४ होता, तो दोन वर्षांनी ११२ भरला. आकड्यावरून पाहिले तर रुग्णाची प्रगतीच झाली! प्रत्यक्षात मात्र नुकतेच भेटलेले माणूस पुन्हा समोर आले तर त्यांना ओळखू येत नसे. नवी आठवण साठवण्याची शक्ती जवळजवळ नाहीशी झाली होती. २००८ साली मृत्यू येईपर्यंत ती परत आली नाही. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वेगवेगळ्या चाचण्या घेतल्या म्हणून हे नीट उलगडले.

तेव्हा बुद्धी ही एकच शक्ती नाही. नवे शब्द लक्षात ठेवणे, अंक उलट क्रमाने म्हणणे, लक्ष टिकवणे, कामाचा वेग, योजना करणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्या निरनिराळ्या तपासाव्या लागतात. गुंता मेंदूत कोठे आहे यावर कोणती शक्ती धोक्यात आहे हे अवलंबून असते.

किरणांवर आळ घेण्यापूर्वी

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. ‘किरण’ हा शब्द ऐकताच लोकांच्या मनात भीती उभी राहते, आणि उपचारानंतर मूल अभ्यासात मागे पडले की दोष लगेच किरणांना दिला जातो. पण दोषी दुसरे कोणीही असू शकेल. गुंत्यामुळे मेंदूच्या त्या भागाचे पोषण आधीपासून बिघडलेले असेल. पूर्वी झालेल्या रक्तस्रावाने पेशी मेल्या असतील. फिट थांबवणाऱ्या काही औषधांनी सुस्ती व मंदपणा येतो. शाळा महिनोन्‌महिने बुडालेली असते. आणि आपल्या डोक्यात काहीतरी आहे या धास्तीनेही लक्ष लागत नाही.

जर्मनीतील हायडेलबर्ग येथे या रुग्णांच्या चाचण्या उपचारापूर्वी आणि उपचारानंतर घेण्यात आल्या. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की बऱ्याच जणांची स्मरणशक्ती व अवधान उपचारापूर्वीच सरासरीहून कमी होते. उपचारानंतर त्यांत घट झाली नाही, उलट काही बाबतींत सुधारणा दिसली. ही दिलासा देणारी गोष्ट आहे. उपचारापूर्वीची चाचणी झाली नसती तर काय झाले असते, याचा विचार करा. नंतरची कमी स्मरणशक्ती पाहून सर्वांनी किरणांनाच दोषी ठरवले असते. आधीची नोंद नसेल, तर निर्दोषाची सुटका होत नाही आणि दोषीही सापडत नाही.

पण ‘सुधारणा’ दिसली म्हणून हुरळूनही जाऊ नये. वर्गात एक प्रयोग करून पाहा. पंधरा साधे शब्द निवडा: घागर, रस्ता, चिमणी, कंदील असे. शिक्षकांनी ते एकेक करून वाचावेत आणि प्रत्येकाने आठवतील तेवढे कागदावर लिहावेत. हे पाच वेळा करा. आठवड्याने तीच यादी घेऊन पुन्हा करा. बहुतेकांचे गुण वाढलेले आढळतील. या आठवड्यात तुमचा मेंदू काही अधिक चांगला झाला नाही. सरावाने गुण वाढले. रुग्णांच्या बाबतीतही असेच होते. म्हणून दुसऱ्या वेळी शब्दांची वेगळी, पण तितक्याच कठीणपणाची यादी घ्यावी लागते. आणि उपचार न झालेल्या, तितक्याच वयाच्या व शिक्षणाच्या लोकांचा तुलनेसाठी एक गट घ्यावा लागतो. असा तुलनेचा गट नसेल, तर ‘सुधारणा’ हा शब्द जपून वापरावा.

मोजले म्हणून सुधारले

मोजल्याने काय साधते, याची उत्तरे वैद्यकाच्या इतिहासातच आहेत. रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांच्या मेंदूत रोग पसरू नये म्हणून पूर्वी त्यांच्या संपूर्ण डोक्याला २४ ग्रे किरण देत. मुले जगू लागली. पण काही वर्षांनी ती शाळेत मागे पडत असल्याचे चाचण्यांतून दिसू लागले. जितके वय लहान, तितके नुकसान अधिक. मग मात्रा १८ ग्रेवर आणली गेली, आणि पुढे बहुतेक मुलांना किरणांऐवजी औषधांवरच बरे करता येऊ लागले. मुले जगली एवढ्यावरच समाधान मानले असते, तर ही सुधारणा झाली नसती.

दुसरे उदाहरण २०२० सालचे. कर्करोग मेंदूत पसरलेल्या ५१८ रुग्णांच्या चाचणीत, संपूर्ण मेंदूला किरण देताना एका गटाचा हिप्पोकॅम्पस वाचवण्यात आला. दोन्ही गटांचे आयुर्मान सारखेच राहिले, पण ज्यांचा हिप्पोकॅम्पस वाचवला त्यांच्यात बौद्धिक घसरणीचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला. फक्त कोण जगले आणि कोण नाही एवढेच मोजले असते, तर दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या असत्या.

तिसरे उदाहरण स्वीडनचे. तेथे १९३० ते १९५९ या काळात, त्वचेवरील रक्तवाहिन्यांच्या लाल डागांसाठी दीड वर्षाखालील बाळांना किरणोपचार देत. डाग त्वचेवर, पण किरण थोडेफार मेंदूपर्यंतही पोचत. अशा ३०९४ मुलग्यांचा पुढे शोध घेण्यात आला. सैन्यभरतीच्या वेळी, वयाच्या अठरा-एकोणीसाव्या वर्षी, तेथील तरुणांच्या बुद्धीच्या चाचण्या होत. त्यांची नोंद उपलब्ध होती. २००४ साली निष्कर्ष आले. मेंदूला किरण न पोचलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के मुलगे माध्यमिक शिक्षणाच्या वरच्या टप्प्यापर्यंत गेले होते. पाव ग्रेहून अधिक मात्रा पोचलेल्यांत हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. शिकण्याच्या व तर्काच्या चाचण्यांतही मात्रेबरोबर घट दिसली. अवकाशाकृती ओळखण्याच्या चाचणीत दिसली नाही.

या उदाहरणांची गॅमा नाइफशी सरळ बरोबरी करू नये. तान्ह्या बाळाचा वाढता मेंदू निराळा, संपूर्ण डोक्यावरचे किरण निराळे आणि एका बिंदूवर नेमलेले किरण निराळे. धडा इतकाच, की मनावरील परिणाम उशिरा दिसतो, तो शोधला तरच सापडतो, आणि शोधण्यासाठी जुनी नोंद हाताशी असावी लागते.

आक्षेप आणि उत्तरे

या म्हणण्यावर आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा, की जीव वाचला हे काय थोडे झाले? थोडे मुळीच नव्हे. पण चौदा वर्षांच्या मुलीला पुढे साठ वर्षे जगावयाचे आहे. ती साठ वर्षे कशी जातील हे तिच्या स्मरणावर आणि एकाग्रतेवर अवलंबून आहे. जीव आणि बुद्धी यांपैकी एकच मोजायची असा कोणताही नियम नाही.

दुसरा आक्षेप सोयीचा. अशा चाचण्यांना दीड-दोन तास लागतात, प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ लागतात आणि ते थोडे आहेत. हे खरे आहे. पण ज्या उपचारासाठी कोट्यवधी रुपयांचे यंत्र बसवले, त्यात दोन तासांची चाचणी जड होऊ नये. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २००४ साली भारतीयांसाठी चाचण्यांचा एक संच पुस्तिकेच्या रूपात उपलब्ध केला. त्यात वय, शिक्षण आणि लिंग यांनुसार तुलनेचे आकडे दिले आहेत. पाया तयार आहे. त्यावर बांधायला हवे. चाचणी रुग्णाच्या भाषेत हवी हे तर उघडच आहे. सातवीपर्यंत मराठीतून शिकलेल्या शेतकऱ्याची स्मरणशक्ती इंग्रजी शब्दांच्या यादीवर तपासली, तर त्याचे इंग्रजी किती कच्चे आहे एवढेच कळेल.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. चाचण्या घेतल्या की मूल आणि आईबाप घाबरतात. नसलेली शंका मनात शिरते. यावर उपाय चाचणी टाळणे हा नव्हे, तर ती कशासाठी आहे हे समजावून सांगणे हा आहे. वर्षातून एकदा शाळेत डोळे तपासतात, तेव्हा आपण आंधळे होणार म्हणून कोणी रडत नाही.

काय व्हावे?

माझी सूचना थोडक्यात अशी आहे. मेंदूवर किरण-शस्त्रक्रिया होणाऱ्या प्रत्येकाची, आणि मुलांची तर न चुकता, उपचारापूर्वी स्मरण, अवधान, भाषा आणि कामाचा वेग यांची चाचणी व्हावी. अर्थात रक्तस्राव होऊन रुग्ण अत्यवस्थ असेल, तर आधी जीव वाचवावा आणि तो सावरताच चाचणी घ्यावी. नंतर ती ठरावीक काळाने पुन्हा व्हावी. गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, तर चाचणीही निदान तेवढी वर्षे चालली पाहिजे. मुलांच्या बाबतीत शाळा संपेपर्यंत. आणि अहवाल लिहिताना ‘इतक्या रुग्णांचे गुंते बंद झाले’ या ओळीखालीच ‘इतक्यांची स्मरणशक्ती टिकली’ ही ओळ छापली जावी. तेव्हाच एक रुग्णालय दुसऱ्याकडून शिकेल, आणि पुढच्या रुग्णाच्या मेंदूतील नाजूक भाग कसा वाचवावा हे कळेल.

यात शिक्षकांचे काम मोठे आहे. रुग्णालयात चाचणी वर्षातून एकदा होईल; शिक्षक मुलाला रोज पाहतात. मेंदूच्या आजारातून उठून आलेले मूल वर्गात परतते तेव्हा ते बाहेरून ठणठणीत दिसते. डोक्यावर टाकाही नसतो. मग ते विसरू लागले, हळू लिहू लागले, की ‘आळशी झाला’, ‘लाडावली’ असे शेरे सहज तोंडून निघतात. शिक्षकांनी शेरा मारण्यापूर्वी नोंद करावी. तोंडी सूचना एकदा सांगून कळते की दोनदा सांगावी लागते? सकाळच्या तासाला आणि शेवटच्या तासाला फरक पडतो का? पूर्वीच्या वहीतील अक्षर, वेग आणि आताचा वेग यांत किती अंतर आहे? ही नोंद पालकांच्या हाती द्यावी, म्हणजे ती डॉक्टरांपर्यंत पोचेल. एखाद्या औषधाचा डोस जास्त झाला आहे, एवढे साधे कारणही तीतून सापडू शकेल. तोवर त्या मुलाला थोडा जास्त वेळ द्यावा आणि पुढच्या बाकावर जागा द्यावी. यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, असा सोबती तुमच्या वर्गात आला तर त्याला चिडवू नका, त्याची कीवही करू नका. त्याच्या राहिलेल्या वह्या पूर्ण करायला मदत करा. तुमच्यापैकी काही जण पुढे डॉक्टर होतील, काही मानसशास्त्रज्ञ, काही संख्याशास्त्रज्ञ. तेव्हा एखादा उपचार ‘यशस्वी’ झाल्याचे कोणी सांगितले, तर पहिला प्रश्न हा विचारा: यश कशाने मोजले? आणि ज्याच्यावर उपचार झाला, त्याच्या दृष्टीने जे सर्वांत मोलाचे होते, ते त्या मोजमापात होते की नव्हते?